उगमवादाचे बहिरेपण : मलाय संगीत आणि प्रभावमीमांसा

१

मलाय संगीताविषयी भारतीय भाषांतून जे थोडेफार लेखन होते, त्याची एक रीत पडून गेलेली आहे. केलांतानच्या छायानाट्यात सेरी राम दिसला की रामायण सापडले. जोहोरच्या गझलेत तबला आणि हार्मोनियम ऐकू आले की हिंदुस्थानी संगीत सापडले. केडाहच्या राजवाड्यातील नोबत पाहिली की मोगल दरबाराचा नगारखाना सापडला. सापडल्याचा आनंद एकदा भोगून झाला की लेख संपतो. त्या संगीतात काल कसा मोजला जातो, गायक आणि वाद्य यांचे नाते काय, कोण कोणासाठी गातो आणि ऐकणाऱ्याचे त्यावाचून काय अडते, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत. एखाद्या कलेचा उगम कळला म्हणजे ती कला कळली, या गृहीतावर ही सारी रीत उभी आहे. या गृहीताला येथे ‘उगमवाद’ असे नाव दिले आहे.

उगमवाद हा केवळ आळशी वाचनाचा प्रकार असता तर त्याची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु त्याचे परिणाम ग्रंथालयाबाहेर घडतात. १९९८ साली मलेशियातील केलांतान राज्याच्या सरकारने करमणूक-नियंत्रणाचा कायदा केला आणि ‘माक योंग’ या तेथील गेय नाट्यप्रकाराच्या जाहीर प्रयोगांवर बंदी आली. या प्रकारात इस्लामपूर्व, सर्वात्मवादी आणि हिंदू-बौद्ध अंश आहेत, अदृश्य शक्तींना आवाहन आहे आणि स्त्रिया रंगमंचावर येतात, ही बंदीची समर्थने होती. यांपैकी स्त्रियांचा मुद्दा वगळला, तर उरलेली सर्व कारणे, ज्या लेखनात माक योंगचे तोंड भरून कौतुक होते त्याच लेखनात, कौतुकाची कारणे म्हणून आढळतात. एक म्हणतो, हे मुळात हिंदू आहे, म्हणून ते आमचे. दुसरा म्हणतो, हे मुळात हिंदू आहे, म्हणून ते आमचे नव्हे. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी दोहोंचे प्रमेय एकच आहे. कलेचे सत्य तिच्या मुळाशी असते आणि मुळानंतर जे घडले ते वरवरचे असते, हे ते प्रमेय होय. ते प्रमेय चुकीचे आहे आणि त्याच्या पुरस्कर्त्यांना संगीत ऐकूच येत नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

२

या प्रमेयाला शास्त्रीय घाट मिळाला तो वसाहतकाळात. ब्रिटिश प्रशासक आणि मलाय विद्येचे अभ्यासक रिचर्ड विन्स्टेट यांनी १९२५ साली मलाय मंत्रतंत्रावरील आपल्या ग्रंथाला ‘शमन, शैव आणि सूफी’ असे नाव दिले. या नावातच संपूर्ण सिद्धान्त सामावलेला आहे. तळाशी आदिम शमन, त्यावर हिंदू, त्यावर मुसलमान असे मलाय संस्कृतीचे थर मानावयाचे आणि अभ्यासकाने ते एकेक करून सोलत जावयाचे. पुढच्याच वर्षी, १९२६ साली, कलकत्त्यास ग्रेटर इंडिया सोसायटीची स्थापना झाली आणि रमेशचंद्र मजुमदार यांच्या ‘सुवर्णद्वीप’सारख्या ग्रंथांतून आग्नेय आशियाकडे प्राचीन भारताचे उपनिवेश म्हणून पाहण्याची दृष्टी दृढ झाली. पारतंत्र्यात असलेल्या समाजाला आपलेही कधीकाळी साम्राज्य होते असे वाटून घेण्याची गरज भासली असेल, तर ती समजण्यासारखी आहे. पण गरजेपोटी स्वीकारलेली दृष्टी गरज संपल्यावरही टिकून राहावी, हे समजण्यासारखे नाही. आग्नेय आशियाच्या इतिहासलेखनाने हा मार्ग केव्हाच सोडला. ओ. डब्ल्यू. वोल्टर्स यांनी १९८२ साली ‘स्थानिकीकरणा’ची संकल्पना मांडली आणि बाहेरून आलेली सामग्री तेथील समाज स्वतःच्या व्यवस्थेत कशी बसवतो, या प्रश्नाकडे अभ्यासाचा रोख वळवला. मराठीत मात्र ‘बृहत्तर भारत’ हा शब्दप्रयोग आजही निर्धोकपणे वापरला जातो.

थर हे भूगर्भशास्त्रातले रूपक आहे. त्या शास्त्रात खालचा थर अधिक जुना असतो आणि वरचा थर आला म्हणून खालचा बदलत नाही. संस्कृतीला हे रूपक लावले की दोन गोष्टी आपोआप मान्य कराव्या लागतात. पहिली अशी की जुने तेच खरे. दुसरी अशी की वरच्या थरावर उभ्या असलेल्या माणसाला आपण कशावर उभे आहोत हे ठाऊक नसते. ते खणणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणजे माक योंगची गायिका स्वतःला मलाय मुसलमान समजत असली, तरी ती ‘वस्तुतः’ काय आहे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे राहत नाही. तो कधी कलकत्त्याच्या पंडिताकडे जातो, तर कधी कोटा भारूच्या धर्माधिकाऱ्याकडे.

प्रत्यक्षातील सामग्री या रूपकात मावत नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘हिकायत सेरी राम’ या मलाय रामकथेचे एक हस्तलिखित १६३३ साली आर्चबिशप लॉड यांच्या संग्रहात आले आणि पुढे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात राहिले. या कथेत रावण घोर तप करतो. आदम त्याच्यासाठी अल्लाकडे रदबदली करतो आणि रावणाला चार लोकांचे राज्य मिळते. हनुमान हा येथे रामाचाच पुत्र आहे. या कथेतून इस्लामी थर काढावयाचा तर रावणाचे राज्यच जाते आणि राज्य गेले की कथा उभी राहत नाही. हिंदू थर काढावयाचा तर आदमाला रदबदली करण्यासाठी कोणी उरत नाही. सुरी कोठे चालवावयाची? थर येथे नाहीतच. आहे ती एक नवी, एकसंध रचना. केलांतानचे दालांग, म्हणजे छायानाट्याचे सूत्रधार, तर याही पुढे जातात. ते ‘मूळ खोडा’ची कथा आणि ‘फांद्यां’च्या कथा असा भेद करतात आणि प्रेक्षकांसमोर बहुधा फांद्यांच्या कथा सादर करतात. या कथा वाल्मीकीत शोधून सापडणार नाहीत, कारण त्या दालांगांनी रचलेल्या आहेत. पाक दोगोल आणि वाक लोंग या विदूषकांवाचून त्यांचा खेळ रंगत नाही आणि हे दोघेही कोणत्याही संस्कृत रामायणातून आलेले नाहीत. अमीन स्वीनी यांनी १९७२ साली ‘रामायण आणि मलाय छायानाट्य’ या ग्रंथात दालांगांच्या मौखिक परंपरेतील रामकथेची तपशीलवार छाननी केली. तो ग्रंथ वाचल्यानंतरही ‘पाहा, येथेही आपले रामायण’ एवढाच निष्कर्ष काढावयाचा असेल, तर तो ग्रंथ न वाचताही काढता येतो.

३

उगम आणि अर्थ यांची फारकत शब्दांच्या बाबतीत मराठी वाचकाला सहज पटते. नोबतीचेच पाहावे. ‘नौबत’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत आहे आणि मलायमध्येही आहे. मराठीत नगारखान्यावर नौबत झडत असे. पुढे नगारखाने ओसरले आणि ‘उपासमारीची नौबत आली’ अशा प्रयोगांतून तो शब्द दुर्धर प्रसंगाचा वाचक होऊन बसला. मलायमध्ये नोबत आजही वाजते. केडाह, पेराक, तेरेंगानू येथील सुलतानांकडे आणि ब्रुनेईच्या दरबारात ती आहे, आणि राजा होण्याची क्रियाच तिच्याशी बांधलेली आहे. राज्याभिषेकाला मलाय भाषेत ‘ताबाल’ म्हणतात. हा शब्द ढोल या अर्थाच्या अरबी ‘तब्ल’ शब्दापासून आला. मराठीतला तबला त्याच कुळातला. ज्याच्यासाठी ढोल वाजला तो राजा, इतका हा संबंध थेट आहे. मलाय राजवंशांच्या इतिवृत्तात राजनोबतीचा प्रघात प्रथम पाडण्याचे श्रेय बिंतानच्या राणीला दिलेले आहे. इतिहास म्हणून ही नोंद कितपत खरी, हा वेगळा प्रश्न. आपली नोबत आपल्याच एका राणीने सुरू केली असे त्या समाजाने सांगितले, हे महत्त्वाचे.

शब्दाचा उगम एक, पण मराठीत त्याचा अर्थ आपत्ती आणि मलायमध्ये राजसत्तेचा नाद. यांपैकी कोणता अर्थ ‘खरा’? फारसीतला पाळी किंवा वेळ हा मूळ अर्थ पुढे करून मराठी माणसाला ‘तुझी नौबत चुकीची’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला हसण्यावारी नेले जाईल. ‘शास्त्र’ या संस्कृत शब्दापासून झालेला ‘सास्तेरा’ मलायमध्ये साहित्याचा वाचक आहे. ‘बुद्धी’पासून झालेला ‘बुदी’ तेथे बुद्धिमत्ता दाखवत नाही. तो सौजन्य, उपकार आणि उपकाराची जाण दाखवतो, आणि मलाय पद्यातील जीवनमूल्यांची चर्चा याच शब्दाभोवती फिरते. शब्दांच्या बाबतीत जे विद्यार्थ्यालाही कळते, ते वाद्यांच्या आणि गीतांच्या बाबतीत प्राध्यापकांना कळू नये, याचे कारण अज्ञान नव्हे. शब्दांवर मालकी सांगण्याची हौस फिटलेली आहे. संगीतावर सांगण्याची फिटलेली नाही.

४

येथे मुंबईचा आणि मलाय रंगभूमीचा जो खरा संबंध आहे त्याचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण उगमवादाचा दुटप्पीपणा तेथे उघडा पडतो. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेनांगपर्यंत प्रयोग करीत गेल्या. त्यांचे खेळ पाहून तेथे ‘वायांग पारसी’ आणि त्याच्या अनुकरणाची लाट आली आणि १८८५ च्या सुमारास पेनांगला ‘बांगसावान’ या व्यावसायिक मलाय संगीत-रंगभूमीची पहिली मंडळी उभी राहिली. ‘इंद्रसभे’ची कथाही या वाटेने मलायमध्ये पोचली. याच सुमारास महाराष्ट्रात काय घडत होते? पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची प्रेरणा मिळाली असे मराठी रंगभूमीचा इतिहास सांगतो, आणि १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. एकाच प्रेरणेतून, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, दोन भाषांत दोन संगीत-रंगभूमी जन्माला आल्या. पण एकीची नोंद ‘मराठी प्रतिभेचा आविष्कार’ अशी होते आणि दुसरीची ‘पारशी नाटकाचे अनुकरण’ अशी. किर्लोस्करांनी साकी, दिंडी आणि कर्नाटकी चाली मिसळून जे केले त्याला सर्जन म्हणावयाचे आणि पेनांगच्या नटांनी मलाय, अरबी, चिनी, जावानी व पाश्चात्त्य चाली मिसळून जे केले त्याला भेसळ म्हणावयाची, हा कोणता न्याय?

फ्रान्सकडे पाहिले तर हा न्याय आणखी स्पष्ट होतो. १८२९ साली व्हिक्टर ह्यूगोने आपल्या ‘ओरिएंताल’ या संग्रहाच्या टिपांत एका मलाय पांतुनचे फ्रेंच भाषांतर छापले. त्यातून फ्रेंच कवितेत ‘पांतूम’ नावाचा पुनरावृत्त ओळींचा रचनाबंध रुजला आणि बोदलेरच्या ‘फ्लर द्यू माल’मध्येही त्याच्या जवळचा घाट आला. तरीही बोदलेरची कविता ‘मुळात मलाय’ आहे असे कोणी म्हणत नाही. तसे म्हणणाऱ्याला साहित्य कळत नाही असेच ठरेल. ज्याच्याकडे सत्ता आहे तो घेतो तेव्हा ते आत्मसात करणे असते, आणि ज्याच्याकडे ती नाही तो घेतो तेव्हा तो प्रभाव असतो. प्रभावमीमांसा म्हणून जी पद्धती वर्गांतून शिकवली जाते, तिच्या पोटात हे राजकारण दडलेले आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने ते उघड करावयास हवे होते; तो त्याचा वाहक झाला.

उगमाच्या कसोटीवर बंदी घालण्याची प्रवृत्ती केलांतानपुरती आहे, असेही समजण्याचे कारण नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. त्याचे बांधलेले स्वर मींड घेऊ शकत नाहीत हा सांगीतिक आक्षेप होता. पण ते वाद्य परके आहे ही भावनाही त्यामागे होती. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. त्या काळात मराठी नाट्यसंगीत ऑर्गन आणि हार्मोनियमवर उभे होते आणि श्रोत्यांना त्यात काही परके वाटत नव्हते. तेच वाद्य जोहोरच्या गझलेत गेले, म्हणून ती गझल हिंदुस्थानी ठरते असे म्हणणाऱ्यांनी मग नाट्यसंगीताला युरोपीय म्हणण्याचीही तयारी ठेवावी.

५

उगमाचा ध्यास सोडून ऐकले तर काय ऐकू येते? प्रथम जोहोरची गझल घ्यावी. नाव गझल, वाद्ये हार्मोनियम, तबला, व्हायोलिन, गांबुस आणि गिटार. पण गायिले जाते ते पद्य उर्दू गझलेचे नसते. ते असते पांतुन, म्हणजे एकाआड एक यमक जुळणाऱ्या चार ओळींचे मलाय पद्य. वाद्यांवर नजर खिळलेल्या अभ्यासकाच्या हातून नेमके पद्यच निसटते.

पांतुनच्या पहिल्या दोन ओळींना ‘पेंबायांग’, म्हणजे छाया पाडणारा भाग, म्हणतात आणि नंतरच्या दोन ओळींत आशय येतो. पहिल्या जोडीत बहुधा एखादे झाड, पक्षी, नदी, होडी असते. दुसरीत माणसाच्या मनातले. या दोन जोड्यांत अर्थाचा संबंध असतो की केवळ ध्वनीचा, यावर एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांचा वाद चालू आहे. हा वाद छापील पानावर सुटत नाही, कारण तो पानावरचा प्रश्नच नव्हे. मलाक्कात ‘दोंदांग सायांग’ गाताना व्हायोलिन, रेबाना आणि गाँग यांच्या साथीवर दोन गायक एकमेकांना पांतुनने उत्तर देतात. पहिल्या दोन ओळी संथपणे, आळवून गायिल्या जातात. त्यांतील अंत्य ध्वनी श्रोत्याच्या कानात एक अपेक्षा बांधतात, प्रतिस्पर्धी गायक उत्तराची जुळणी करू लागतो आणि आशय येतो तेव्हा तो आधीच पडलेल्या छायेत येऊन उभा राहतो. छाया आणि आशय यांच्यामधला काळ हा या पद्याचा घटक आहे. तो काळ संगीतात असतो, संहितेत नसतो. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे चटकन उमगेल. पण या साम्यावरून नाते जोडण्याची घाई करू नये. साम्य म्हणजे नाते नव्हे. दोंदांग सायांग मलाक्कातील मलाय मुसलमान गातात, चिनी वंशाचे बाबा-न्योन्या गातात, तमिळ वंशाचे हिंदू चिट्टी गातात आणि पोर्तुगीज वंशाचे ख्रिस्तीही गातात. २०१८ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हे गीत कोणाचे, या प्रश्नाला उगमवादाकडे उत्तर नाही. जो चार ओळींना चार ओळींनी उत्तर देऊ शकतो त्याचे, एवढेच उत्तर मलाक्का देते.

दुसरे उदाहरण कालाचे. माक योंगच्या वाद्यमेळात तीन तारांचा रबाब, ढोलांची जोडी आणि ‘तेतावाक’ या मोठ्या गाँगची जोडी असते. गाँगच्या आघातांनी ८, १६, ३२ अशा मात्रांची आवर्तने आखली जातात. भारतीय कानाला हा लगेच ताल वाटतो आणि तो सम शोधू लागतो. पण समेवर आवर्तन सुरू होते, तर येथे मोठ्या गाँगचा आघात आवर्तन पूर्ण करतो. सारे वजन शेवटाकडे कललेले असते. गायिका, रबाब आणि समूहस्वर एकच चाल आपापल्या वळणांनी नेतात. ते एकमेकांची नक्कल करीत नाहीत की स्वरमेळही साधत नाहीत. तालाच्या परिभाषेत या संगीताचे वर्णन करणारा अभ्यासक प्रत्येक आवर्तनात एका आघाताने चुकत राहतो आणि चुकल्याचे त्याला कळत नाही, कारण उगम आधीच सापडलेला असतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे, कारण ते काव्यशास्त्राला भिडते. माक योंगची सुरुवात ‘मेंगादाप रेबाब’ने, म्हणजे रबाबाला सामोरे जाण्याच्या गीताने होते. मुख्य पात्र राजपुत्राचे. ते ‘पाक योंग’ नावाने बहुधा स्त्रीच करते. हेच नाट्य आणि ‘माइन पुतेरी’ हा उपचारविधी यांना जोडणारी संकल्पना आहे ‘आंगिन’. आंगिन म्हणजे वारा. पण तो माणसाच्या आतला, जन्माबरोबर आलेला, त्याच्या प्रकृतीचा, ओढीचा आणि प्रतिभेचा वारा. त्याला वाट मिळाली नाही तर माणूस आजारी पडतो. कॅरल लेडरमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या उपचाराचे साक्षेपी वर्णन आहे. ज्याचा वारा देवा मुदा या राजपुत्राच्या जातीचा, त्याच्यासाठी त्या जातीचे गीत-नाट्य घडवावे लागते आणि त्यातून तो वारा मोकळा होतो. अंगात ‘वारे येणे’ हा मराठी प्रयोग येथे आठवेल, आणि आठवावा. पण आठवणीने व्युत्पत्तीची जागा घेऊ नये.

आंगिनचा विचार करताना भारतीय अभ्यासक रससिद्धान्ताकडे धाव घेतो. ही धाव त्याला चुकीच्या दिशेने नेते. रसास्वादात साधारणीकरण अपेक्षित आहे : रसिकाने आपले खाजगी दुःख, आपली व्यक्तिविशिष्टता ओलांडावी, तरच भाव आस्वाद्य होतो. आंगिनच्या विचारात नेमके उलट घडते. येथे ऐकणारा स्वतःला ओलांडत नाही; त्याचा स्वतःचा, इतर कोणाचाही नसलेला वारा त्याला परत मिळतो. कला ही व्यक्तिनिरपेक्ष आस्वादाची नव्हे, तर विशिष्ट माणसाच्या विशिष्ट कोंडीची गोष्ट आहे, असा हा सिद्धान्त आहे. तो रससिद्धान्ताचा अपभ्रंश नाही, त्याचा प्रतिपक्ष आहे. मराठी काव्यशास्त्रविचाराला अशा प्रतिपक्षाची गरज आहे. पण जो पूर्वेकडे केवळ स्वतःची प्रतिबिंबे पाहण्यासाठी जातो, त्याला प्रतिपक्ष भेटत नाही.

६

मलाय संगीतावर उगमवादाचे आघात बाहेरूनच झाले असे नाही. १९६९ च्या वांशिक दंगलींनंतर मलेशियाच्या शासनाने १९७१ साली क्वालालंपूरला राष्ट्रीय संस्कृती परिषद भरवली. राष्ट्रीय संस्कृतीचा पाया या प्रदेशातील मूळ लोकांची संस्कृती असेल, इतर संस्कृतींतील योग्य ते घटक घेतले जातील आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा घटक राहील, अशी तत्त्वे तीतून निघाली. यानंतर सरकारी आश्रयाने बांगसावानचे पुनरुज्जीवन झाले, ते ‘पारंपरिक मलाय नाट्य’ म्हणून. तान सूई बेंग यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की मूळचे बांगसावान बाजारपेठेत वाढलेले, नव्याला हपापलेले, अनेक वंशांच्या कलावंतांचे होते. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या अशुद्धतेत होते. परंपरेचा शिक्का मारण्यासाठी ती अशुद्धता धुऊन काढण्यात आली. भारतीय उगमवादी मलाय कलेत परके मूळ शोधतो, शासन शुद्ध मूळ शोधते आणि धर्ममार्तंड निषिद्ध मूळ शोधतो. तिघांनाही समोरचा प्रयोग अडचणीचा वाटतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की केलांतानची बंदी धार्मिक राजकारणातून आली, विद्वानांच्या ग्रंथांतून नव्हे. हे मान्य केले पाहिजे. पास या पक्षाची १९९० पासूनची तेथील सत्ता, स्त्रीदेहाविषयीची भूमिका आणि संघराज्याच्या शासनाशी असलेली स्पर्धा ही कारणे ग्रंथांपेक्षा बलवत्तर आहेत. पण बंदीला जी भाषा लागते ती कोठून येते? अमुक मंत्र हिंदू, अमुक विधी सर्वात्मवादी, असे पृथक्करण करून ठेवलेला तक्ता धर्माधिकाऱ्याने तयार केलेला नाही. तो विन्स्टेटच्या परंपरेने तयार केला आणि बृहत्तर भारताच्या अभिमान्यांनी टाळ्या वाजवून पक्का केला. गुन्हा त्यांचा नसेल. पुरावा मात्र त्यांनी रचून ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप असा की उगमाचा विचारच सोडला तर इतिहास कसा लिहावयाचा? येथे उगम आणि इतिहास यांची गल्लत होते. पारशी मंडळ्या पेनांगला गेल्या हा इतिहास आहे आणि तो लिहिलाच पाहिजे. हाद्रामौतच्या अरबांबरोबर झापिन नृत्य आले, पोर्तुगिजांबरोबर व्हायोलिन आले, हेही लिहिले पाहिजे. पण इतिहास तेथे सुरू होतो. उगमवाद तेथे थांबतो. आलेल्या वस्तूचे काय केले गेले, कोणत्या गरजेपोटी केले गेले, काय टाकले गेले, हे सांगितल्यावाचून इतिहास झाला असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. माक योंगच्या बाजूने बोलणारे काहीजण त्यात सूफी प्रतीके दाखवतात आणि म्हणून ते इस्लामला मान्य व्हावे असा युक्तिवाद करतात. हा युक्तिवाद सद्भावनेचा आहे, पण तो शत्रूच्याच मैदानावर खेळला जातो. मूळ इस्लामी निघाले तर परवानगी, हिंदू निघाले तर बंदी, ही अट त्यात मान्य होऊन बसते. माक योंगला युनेस्कोने २००५ साली मौखिक वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केले आणि २००८ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक हक्कविषयक विशेष प्रतिनिधी करीमा बेनून यांनी मलेशियाच्या भेटीनंतर असे निर्बंध उठवण्याचे आवाहन केले. २०१९ साली बंदी शिथिल झाली, परंतु प्रयोग शरीअतच्या मर्यादांत असावा या अटीवर. ज्या नाट्यात राजपुत्र स्त्री साकारते आणि ज्याचा आरंभच आवाहनाने होतो, त्याच्या बाबतीत या अटीचा अर्थ काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. नाव शिल्लक राहते आणि वारा अडतो.

७

हा विषय दूरदेशीचा आहे, म्हणून तो मराठीत कशासाठी, असे विचारले जाईल. त्याचे उत्तर असे की मराठी समीक्षेने देशीकरणाची संकल्पना स्वतःसाठी वापरून झाली आहे. कीर्तन, लावणी, संगीत नाटक, कादंबरी या सर्वांच्या बाबतीत बाहेरचे ते आत कसे येते आणि येताना कसे बदलते, हे सांगणारी भाषा तिने कमावली. ही भाषा केवळ स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवावयाची आणि इतरांच्या दारात गेल्यावर पुन्हा मुळांची मोजदाद करावयाची, हे तिला शोभत नाही. जी सवलत किर्लोस्करांना दिली तीच बांगसावानच्या नटांना देणे, हा औदार्याचा प्रश्न नसून पद्धतीच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

विद्यापीठीय अभ्यासात याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. मलाय रामकथेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने वाल्मीकीशी तुलना करणारा तक्ता शेवटी द्यावा, आरंभी नव्हे. आणि तो देण्यापूर्वी एका दालांगाचा एक खेळ पूर्ण ऐकावा. पांतुनवर लिहिणाऱ्याने छापील संग्रहावर विसंबून न राहता गायिलेला पांतुन ऐकावा. माक योंगच्या संदर्भात रस हा शब्द वापरण्यापूर्वी आंगिन हा शब्द समजून घ्यावा. जो अभ्यासक एवढे करणार नाही, त्याने निदान आपल्या प्रबंधाला मलाय संगीताचा अभ्यास म्हणू नये. तो भारतीय अभिमानाचा अभ्यास आहे आणि त्या नावाने तो स्वीकारता येईल. केलांतानच्या एखाद्या गावात रबाबासमोर बसलेल्या गायिकेला त्या अभिमानाचा काहीही उपयोग नाही. तिला तिचा प्रयोग हवा आहे, आणि तो तिचाच आहे असे म्हणणारे लोक हवे आहेत.